चेंडू निवडावा कसा? नव्या समिती-सदस्यांसाठी सोपी मार्गदर्शिका

अभिनंदन! देशाच्या क्रिकेट मंडळाच्या चेंडू-समितीवर आपली वर्णी लागली आहे. आजवर बॅट फक्त स्पर्धेच्या उद्घाटनाला, तीही उलटी धरली असेल, तरी संकोच नको. खालील पायऱ्या क्रमाने वाचा. पहिल्या बैठकीत कुणाला पत्ता लागणार नाही.

पायरी 1 : नियम पाठ करा.
वजन 155.9 ते 163 ग्रॅम, घेर 22.4 ते 22.9 सेंटिमीटर. हे आकडे दशांशासकट म्हणा, बाकीचे सदस्य वहीत उतरवून घेतील. चेंडू कोणत्या कारखान्यातला असावा, हे मात्र नियमांत कुठेही नाही. कसोटीत ते यजमान मंडळ ठरवते, म्हणजे आता तुम्हीच. पंगतीत काय वाढायचे ते यजमानाने ठरवायचे आणि पाहुण्याने मीठ कमी आहे म्हणायचे, अशी ही रीत आहे.

पायरी 2 : स्थळे पाहा.
तीनच आहेत, त्यामुळे फार पायपीट नाही.

ड्यूक्स : घराणे 1760 सालचे, मूळ गाव इंग्लंडातले केंट. शिवणीच्या सहाही ओळी हाताने घातलेल्या. शिवण ठसठशीत आणि लकाकी टिकाऊ. आभाळ भरून आले की हा चेंडू गोलंदाजाच्या मनातले ओळखतो. इंग्लंड आणि वेस्ट इंडीजमध्ये याचेच राज्य. अस्सल इंग्रज म्हणून मिरवणाऱ्या या कंपनीचे मालक दिलीप जाजोदिया मूळचे बंगळूरचे आहेत. बैठकीत हे सांगितलेत की चहा आपोआप येतो.

कुकाबुरा : जन्म 1890, मुक्काम मेलबर्न. मधल्या दोन ओळी हाताने, बाहेरच्या चार यंत्राने. पहिली वीसेक षटके उत्साहाची. मग शिवण बसते आणि फलंदाज उठतो. कुकाबुरा हा खो-खो हसणारा पक्षी आहे. तो कुणाला हसतो, हे साठाव्या षटकात गोलंदाजाला कळते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, पाकिस्तान आणि श्रीलंका यांनी हाच पत्करला आहे.

एसजी : 1931 साली सियालकोटात सुरू झालेला व्यवसाय फाळणीनंतर इकडे आला आणि मेरठला स्थिरावला. हाही पूर्ण हातशिलाईचा. लकाकी आपल्या कोरड्या, खरबरीत खेळपट्ट्यांवर लवकर जाते. पण शिवण उभी राहते, आणि फिरकीपटूच्या बोटांना तीच हवी असते. भारतातल्या कसोट्या याच चेंडूने होतात.

पायरी 3 : पत्रिका जुळवा.
आधी आपले गोलंदाज बघा, मग खेळपट्टी बघा, आणि शेवटी चेंडू. इतिवृत्तात मात्र क्रम उलटा लिहा आणि ‘स्थानिक हवामानास अनुरूप’ हे शब्द विसरू नका.

पायरी 4 : पांढऱ्या चेंडूवर डोके शिणवू नका.
आंतरराष्ट्रीय एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामन्यांत सगळीकडे कुकाबुराच असतो. 1999 च्या विश्वचषकात पांढरा ड्यूक्स वापरला होता. तो इंग्लंडच्या हवेत असा काही वळला, की वाइडची खिरापत झाली. विषयपत्रिकेवरचा हा मुद्दा ‘वाचून कायम’ करावा.

पायरी 5 : तक्रारवही ठेवा, जाड असू द्या.
चेंडूबद्दल समाधानी संघ अजून जन्माला यायचा आहे. 2018 मध्ये विराट कोहलीने एसजीच्या दर्जावर बोट ठेवले आणि कसोटीसाठी जगभर ड्यूक्स वापरावा असे सुचवले. 2025 मध्ये भारत इंग्लंडला गेला, हाती ड्यूक्स आला, आणि तो लवकर मऊ पडतो, आकार सोडतो, अशी तक्रार सुरू झाली. लॉर्ड्सवर दुसरा नवा चेंडू जेमतेम दहा षटके टिकला. पंचांकडे दोन कड्यांचे माप असते. चेंडू एका कड्यातून आरपार जायला हवा, दुसऱ्यातून जाता कामा नये. तो नापास झाला, म्हणून पेटीतला दुसरा काढला, तर कर्णधार शुभमन गिल पंचांशी वाद घालू लागला. तोही त्याच दिवशी बदलावा लागला. ज्याला सात वर्षांपूर्वी आपण सून म्हणून मागणी घातली होती, तोच चेंडू त्याच्या माहेरी गेल्यावर टोचू लागला.

पायरी 6 : ‘सगळ्या जगाला एकच चेंडू’ हा ठराव आल्यास तहकूब करा.
तो वरवर न्यायाचा वाटतो. पण मेरठचा चेंडू लीड्सच्या ओल्या गवतावर आणि केंटचा चेंडू कानपूरच्या मातीवर तसाच वागेल, याची हमी कुणी देत नाही. शिवाय परक्या हवेत, परक्या चेंडूने जिंकावे लागते म्हणूनच परदेशातल्या मालिकेचे मोल जास्त. सगळीकडे सारखेच वाढायचे, तर दौऱ्यावर जायचे कशाला?

तेव्हा दौरा ठरला की महिनाभर आधी यजमानांच्या चेंडूंच्या पेट्या मागवा आणि त्या थेट नेटमध्ये पोहोचवा. समितीच्या हातून होण्यासारखे खरे काम एवढेच आहे. ते केलेत, तर वरच्या सहाही पायऱ्या विसरलात तरी चालेल.