जरा थांब

काकांना तुम्ही ओळखता. तुमच्या सोसायटीत त्यांचं आडनाव वेगळं असेल, एवढंच. आपण काही घ्यायला निघालो की जिन्यात भेटून, पिशवीकडे बघून, ‘घेतलंस? जरा थांबायचं होतंस’ म्हणणारे ते. आमच्या काकांचा विषय होम थिएटर. त्यातही डिस्क प्लेअर. गेली पंचवीस वर्षं ते प्लेअर निवडताहेत. घेतलेला एकही नाही.

व्हीसीडीच्या काळात मी एक प्लेअर बघून आलो होतो. एका तबकडीत जेमतेम 74 मिनिटं मावायची, त्यामुळे हिरोच्या बहिणीच्या लग्नात उठून दुसरी घालावी लागे. काका म्हणाले, “डीव्हीडी येतेय. जरा थांब.” डीव्हीडी आली. अमेरिकेतल्या भाच्याने त्यांना एक पाठवलीही, पण ती निघाली पहिल्या विभागाची आणि आपला देश पडला पाचव्यात. “सगळे विभाग वाचणारं मॉडेल येऊ दे, मग बघू.” 2006 साली ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी एकदमच बाजारात उतरल्या आणि दोघींची जुंपली. काकांना हायसंच वाटलं असणार. “यांचं भांडण मिटू दे.” फेब्रुवारी 2008 मध्ये तोशिबाने हात टेकले, एचडी डीव्हीडी बाद झाली. काकांनी घरोघरी पेढे वाटले. प्लेअर? तो कसा घेणार, थ्रीडी येऊ घातलं होतं ना!

मधल्या काळात मोझर बेअरने 34 रुपयांना डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा मात्र हा माणूस थांबला नाही. दीडशे तरी आणल्या असतील. सगळ्या वर्षानुसार लावलेल्या, सीलबंद.

तपकीर गल्लीत त्यांच्याबरोबर एकदा तरी जायला हवं होतं तुम्ही. खिशात धुतलेल्या रुमालात गुंडाळलेली स्वतःची एक डिस्क. दुकानात शिरल्यावर आधी प्लेअर दोन्ही हातांनी उचलायचा. “हलका आहे,” असं म्हणून खाली. मग ट्रेचं बटण दाबून, नारळ कानाशी हलवून बघावा तसा कान लावायचा. ट्रे कुरकुरला की चेहरा असा, जणू सुनेने उलट उत्तर दिलं. शेवटी दुकानदाराला दिवे घालवायला लावून अंधाराचा प्रसंग लावायचा. “रंग काय, कोणीही दाखवतो. काळं बघ, काळं. हे काळं आहे का? हे करडं आहे!” दुकानदार अंधारात उभा. बाहेर गिऱ्हाईक दुकान बंद समजून परत चाललेलं.

भाचीच्या साखरपुड्यात तर त्यांनी नवऱ्यामुलालाच गाठला होता. आवाज प्लेअरने उलगडून रिसीव्हरला द्यायचा, की गाठोडं तसंच पुढे सरकवायचं आणि रिसीव्हरला उलगडू द्यायचं, तुमच्याकडे काय पद्धत? तो बिचारा मानपानाचा प्रश्न समजून आईकडे बघायला लागला.

घरी काकांनी सुताराकडून खास फडताळ करून घेतलंय. प्लेअर साधारण 43 सेंटिमीटर रुंद असतो, म्हणून 50चा कप्पा, दोन्ही बाजूंनी हवा खेळायला जागा, मागे वायरींसाठी गोल भोक. कप्पा रिकामा. काकू दरवर्षी गणपती त्यातच बसवतात, आणि त्या भोकातून लाइटिंगच्या माळेची वायर काय सुरेख जाते! दहा दिवस झाले की बाप्पाला निरोप आणि कप्प्यावर पुन्हा क्रोशाचा रुमाल.

2010 साली मी थांबलो नाही. ब्लू-रे प्लेअर आणि पाच स्पीकर घेऊन आलो. काका दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे, हातात नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि सुतळी. सोफ्याच्या मधोमध टाचणी टोचली, सुतळी ताणली. समोरचे दोन 30-30 अंशांवर, मागचे 110वर. वयाच्या साठाव्या वर्षी पोटावर सरपटत सोफ्याखालून वायर काढली. केसांना जळमटं. मग पावसाचा एक प्रसंग लावला आणि बसा म्हटलं तरी बसले नाहीत. सोफ्यामागे डोळे मिटून उभे राहिले. पाऊस पुढून मागे गेला तसे पुटपुटले, “आता पागोळ्या डाव्या हाताला पडतायत.”

कबूल करायला जिवावर येतं, पण आमच्या सोसायटीतल्या नऊ घरांत आवाज नीट येतो तो या माणसामुळे. त्यांच्या घरी टीव्हीच्या पोटातले दोन स्पीकर खोकतात.

पुढे 2016 मध्ये फोर-के डिस्क आली. “एचडीआरचा घोळ निस्तरू दे.” तो निस्तरेपर्यंत 2018 साली ओप्पोने नवे प्लेअर बनवणं थांबवलं. याच ओप्पोचं पत्रक काकांनी आरतीच्या पुस्तकात जपून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी सॅमसंगनेही अमेरिकेत नवे प्लेअर आणणं बंद केलं. काका त्या आठवड्यात जिन्यात कुणालाच अडवत नव्हते. तळमजल्यावरच्यांनी नवा फ्रिज वर चढवला, तरी हे नुसते बाजूला सरले.

गेल्या महिन्यात मात्र मला म्हणाले, “चल. आज घेऊन टाकू.” मॉडेल ठरलेलं, पैसे पाकिटात, रुमालात डिस्क. गल्लीत चार दुकानं फिरलो. साउंडबार, साउंडबार, सीसीटीव्ही, साउंडबार. पाचव्या दुकानात नेहमीचा दुकानदार, आता तोही पांढरा झालेला. त्याने दिवे घालवायला हात उचलला आणि खाली घेतला.

“काका, प्लेअर ठेवत नाही हो आता. पाहिजे तर बाहेरून मागवतो. पण जरा थांबावं लागेल.”

मी काकांकडे बघायचं टाळलं.

“किती?” काकांनी विचारलं.

“नक्की नाही सांगता येणार.”

काकांनी रुमालाची घडी पुन्हा नीट घातली आणि डिस्क खिशात ठेवली. चेहऱ्यावर कित्येक वर्षांत न दिसलेली तुकतुकी.

“मग तोवर,” ते काउंटरवर कोपर टेकत म्हणाले, “पुढचं मॉडेल काय येतंय, ते सांगा.”