पॉइंट दिलास का रे?

भोसरी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर नवा अप्रेंटिस उभा राहिला, की सेटर आधी हेच विचारतो, "पॉइंट दिलास का रे?" कारण काही कंट्रोलरवर ‘एक्स 10’ लिहिताना दशांशचिन्ह राहिलं, तर मशीन ते 10 मिलिमीटर न धरता 10 मायक्रॉन धरतं. टूल केसाच्या जाडीइतकंही सरकत नाही आणि अलार्मही वाजत नाही. पण मशीनचं एक बरं आहे: अलार्म आलाच, तर नंबरासह येतो. जुन्या फानुक कंट्रोलरवर 010 दिसला, की जी-कोड चुकलाय हे सेटर झोपेतही सांगेल.

त्याच शेडच्या कोपऱ्यात प्रोग्रॅम साठवायला एखादा लिनक्स कॉम्प्युटर असला, तर त्याच्यापुढे मात्र या सेटरची ऐट उतरते. तिथला शेल, म्हणजे टाइप केलेले हुकूम घेणारा प्रोग्रॅम, काम फत्ते झालं तरी अवाक्षर काढत नाही. फाइल कॉपी झाली, गप्प. उडाली, तरी गप्प. पासवर्ड टाइप करताना बहुधा साधे ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. की-बोर्ड मेला असं समजून माणूस तो पुन्हा बडवतो.

बोलतो तेव्हाची तऱ्हा आणखी न्यारी. ‘.बॅक’ने संपणाऱ्या जुन्या फाइली काढायला ‘आरएम’ या पुसायच्या हुकमापुढे स्टार आणि ‘.बॅक’ लिहायचं. मध्ये चुकून एक स्पेस पडली, की फोल्डरमधल्या झाडून सगळ्या फाइली जातात, आणि वर तक्रार येते की ‘.बॅक’ नावाची फाइल सापडली नाही! यात ‘आरएम’चा तसा दोष नाही. स्टारच्या जागी सगळी नावं शेलच भरून देतो. मूळ हुकूम काय होता, हे बिचाऱ्या ‘आरएम’ला कळतच नाही.

आणि ती ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’! विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर आणून चालवा. यादीत फाइल दिसते, उघडते, वाचता येते. चालवायला गेलं की म्हणे नाहीच. विंडोज ओळीच्या शेवटी ‘कॅरेज रिटर्न’ हे न दिसणारं चिन्ह जोडतं. ते पहिल्या ओळीतल्या, स्क्रिप्ट चालवणाऱ्या बॅशच्या नावाला चिकटतं आणि त्या नावाचा बॅश कुठंच नसतो. म्हणजे शेल खोटं बोलत नाही. काय सापडलं नाही, तेवढं स्पष्ट सांगायचं मात्र पुष्कळदा राहून जातं.

हा अबोलपणा काटकसरीतून आलाय. 1969 साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी, लिनक्सनं पुढं ज्याचा कित्ता गिरवला ते युनिक्स सुरू केलं, तेव्हा उत्तरं टेलिटाइपच्या कागदावर खडखडत उमटत. मॉडेल 33 हे यंत्र सेकंदाला फक्त 10 अक्षरं छापायचं. थॉम्पसन यांचा ‘ईडी’ हा एडिटर तर कुठल्याही चुकीला नुसतं एक प्रश्नचिन्ह छापी. पुढं कागद गेला, पडदे आले, तरी टायपरायटरशी सुतराम संबंध नसलेल्या कामात ‘नॉट अ टायपरायटर’ असा संदेश कित्येक वर्षं टपकत राहिला. कॅरेज रिटर्नही त्या टेलिटाइपचंच, छापणारा गाडा डावीकडे नेणारं.

आज अक्षरांना तोटा नाही. तेव्हा हिंजवडीत बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनो, चूक दाखवाल तेव्हा कुठली फाइल, कितवी ओळ आणि नेमकं काय सापडलं नाही, एवढं लिहा. भोसरीचा सेटर बाकीचं बघून घेईल.