हवेनं घात केला

पावसात भिजण्यासाठी मी पंधराशे रुपये भरले, ही गोष्ट मी अजून आईला सांगितलेली नाही. लहानपणी हेच काम मी फुकट करत असे आणि घरी आल्यावर पाठीत धपाटा मिळत असे. आता गळ्यात मेडल मिळतं.

तर यंदाच्या जुलैत सह्याद्रीतल्या एका घाटात आमच्या ग्रुपनं पावसाळी हाफ मॅरेथॉन पळायचं ठरवलं. पावसाळी हाफ म्हणजे एकवीस किलोमीटर आणि वर साधारण शंभर मीटर. त्यातले निम्मे चढ, निम्मे उतार आणि सगळे ओले. ग्रुपात एक डॉक्टर आहेत, एक सीए आहेत, आयटीतली चार-पाच पोरं आहेत, शाळेतल्या एक बाई आहेत, असे मिळून चाळीसेक जण. आणि मी, सरकारी कचेरीतला कारकून. एरवी आमच्यापैकी कुणालाही पाऊस सोसत नाही. डॉक्टर पावसात दवाखाना उशिरा उघडतात, आयटीवाले पांघरुणातूनच काम करतात आणि मी आठवड्यातून एकदा तरी साहेबांना ‘रस्त्यावर पाणी साचलंय’ असा फोन लावतो. साहेब कधी रागावत नाहीत. ते स्वतःच तोवर निघालेले नसतात.

शनिवारी संध्याकाळी हवामान खात्यानं घाटमाथ्याला ऑरेंज अलर्ट दिला आणि ग्रुपवर चैतन्य पसरलं. वरवर सगळे चिंतेत होते. ढगांचे नकाशे, छत्र्यांच्या इमोजी, ‘काळजी घ्या रे’ वगैरे. पण आतून प्रत्येकाला सुटल्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी लिहिलं, ‘उद्या फक्त एन्जॉय करायचं. टायमिंग विसरा.’ यालाच अटकपूर्व जामीन म्हणतात. पावसाचा एक थेंबही पडायच्या आत बारा जणांनी तो मिळवला. मी तेरावा.

पहाटे साडेपाचला आम्ही स्टार्टपाशी उभे होतो. प्रत्येकाच्या अंगात कचऱ्याची काळी पिशवी. तळाला भोक पाडून डोकं बाहेर, बाजूंना भोकं पाडून हात बाहेर. जाणकारांचा हा जुना उपाय आहे. पळायला लागेपर्यंत अंग कोरडं राहतं आणि मग पिशवी टाकून देता येते. मी सुका कचरा म्हणून पिशवीत शिरलो. पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत ओला झालो होतो. पाहुणे एका छत्रीखाली होते, माइक दुसऱ्या छत्रीखाली. ‘तुमच्या उत्साहावर पाणी फिरवण्याची ताकद कुठल्याही पावसात नाही’, हे वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं. दुसऱ्या वेळी टाळ्या पडल्या, तिसऱ्या वेळी वीज.

पहिला किलोमीटर सगळे डबकी चुकवत पळतात. नवे बूट, नवे मोजे, उगाच कशाला? मग कुणीतरी शेजारून धाडकन डबक्यात पाय टाकतो आणि आपला प्रश्न कायमचा मिटवतो. तिथून पुढे पायात बूट नसतातच, दोन बादल्या असतात. पावसात पळताना गार वाटत असेल, अशी खिडकीत चहा घेऊन बसणाऱ्यांची समजूत असते. हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यामुळे बाहेरून पावसाची आणि आतून घामाची अशा दोन आंघोळी एकाच वेळी चालू राहतात. ओला टी-शर्ट अंगाला काचत राहतो. ज्यांनी छातीला व्हॅसलीन फासलेलं नसतं, त्यांच्या शर्टावर दहाव्या किलोमीटरनंतर दोन लाल ओघळ उतरतात. असे दोघे-तिघे पाहून एका गावातल्या कुत्र्यानं भुंकायचं सोडून वाट दिली.

पाण्याच्या टेबलापाशी कॉलेजची पोरं ‘सर, पाणी! सर, पाणी!’ म्हणून ओरडत होती. त्यांच्या हातातले कागदी पेले मी जितके प्यायलो, तितके वरून पुन्हा भरत होते. घाटाच्या अलीकडे खाचरांत भातलावणी चालली होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, पाठीवर इरली. त्यातल्या एका आजींनी कंबर सरळ केली आणि विचारलं,

‘काय रं लेकरांनो, कोन लागलंय मागं?’

‘कुणी नाही आजी, मॅरेथॉन आहे.’

‘मंग पाऊस उघडल्यावर पळा की!’

आणि त्या पुन्हा वाकल्या. आमच्या कोचनी आजवर मला इतका सरळ सल्ला दिलेला नाही.

घाट चढताना धुकं आलं, आणि धुक्यात एक सोय असते. कोण पळतंय आणि कोण चालतंय ते दिसत नाही. मी त्या सोयीचा पुरेपूर लाभ घेतला. अठराव्या किलोमीटरला धुक्यातून अचानक एक पिवळा रेनकोट आणि कॅमेरा उगवला, तसे पुढचे-मागचे पंधरा-वीस जण एकदम सुसाट सुटले. कॅमेरा मागे पडला आणि सगळे पुन्हा माणसात आले. फोटोत मी हवेत आहे. दोन्ही पाय जमिनीवर नाहीत, असा माझा तेवढाच एक पुरावा.

टायमिंग आलं दोन तास एक्केचाळीस मिनिटं. मेडल, चहा, कांदाभजी, आणि अंगाभोवती तो चंदेरी कागद. त्यात आम्ही सगळे डब्यातल्या पोळ्यांसारखे गुंडाळून बसलो आणि सुनावणी सुरू झाली. ‘पाऊस नसता तर सव्वादोन होतं.’ ‘पाऊस नाही हो, वारा. वारा समोरून होता.’ जाताना समोरून असलेला वारा येतानाही समोरूनच कसा, हे कुणी विचारलं नाही. इतकं सभ्य न्यायालय दुसरीकडे मिळणार नाही. जानेवारीत मुंबईला गेलो की तिथला दमटपणा आरोपी असतो, आणि पेडर रोडचा चढ हा त्याचा साथीदार. थंडीत पुण्यात पळालो की स्नायू आखडतात. मे महिन्यात ऊन असतं. बाराही महिने कुणी ना कुणी अटकेत असतं आणि पळणारा दर वेळी निर्दोष सुटतो.

डॉक्टर मात्र नुसतं बोलून थांबत नाहीत, दाखला देतात. ते म्हणाले, ‘अहो, २०१८ ची बॉस्टन मॅरेथॉन आठवा. तीन-चार अंश तापमान, धो धो पाऊस, समोरून वारा. मोठमोठे व्यावसायिक धावपटू अर्ध्यात सोडून गेले. आपण तर पूर्ण केलं!’ आम्ही चंदेरी कागदाचा चुरचुर आवाज करत स्वतःचंच अभिनंदन केलं. इथवर ठीक होतं. चूक माझी. मी घरी येऊन त्या मॅरेथॉनबद्दल वाचायला बसलो.

अर्ध्यात सोडून कोण गेलं, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं. जिंकलं कोण, ते सांगितलं नव्हतं. १६ एप्रिलच्या त्या पावसात पुरुषांमध्ये पहिला आला युकी कावाउची नावाचा जपानी. दोन तास पंधरा मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. पोटापाण्याला काय करतो? सायतामा प्रांतातल्या एका सरकारी शाळेच्या कार्यालयात पूर्ण वेळ नोकरी. पुढच्या वर्षी ती सोडून तो व्यावसायिक धावपटू झाला, पण त्या दिवशी तो कारकूनच होता. बॉस्टन जिंकणारा १९८७ नंतरचा तो पहिला जपानी.

मी मोबाइल उलटा ठेवायच्या आत बायकोनं खांद्यावरून वाचलं होतं. ‘कारकूनच आहे की तोही’, ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. पंधरा वर्षांच्या संसारात इतकं मोजकं ती पहिल्यांदाच बोलली.

पुढे वाचलं ते आणखी वाईट होतं. हा गृहस्थ त्याच वर्षी १ जानेवारीला बॉस्टनजवळच्या मार्शफील्ड गावी उणे सतरा अंशांत एक मॅरेथॉन पळाला होता आणि ती पूर्ण करणारा एकटाच होता. म्हणजे पहिलाही तोच आणि शेवटचाही तोच. एका हाफ मॅरेथॉनला तर तो सूट-टाय घालून पळाला आणि एक तास सात मिनिटांच्या आत पोहोचला. आमच्या कचेरीत सूट घातलेला माणूस जिनासुद्धा चढत नाही. आणि बॉस्टन जिंकल्यावर तो काय म्हणाला? असं हवामान आपल्याला सगळ्यात मानवतं! आमच्या बाराशे वर्षं जुन्या वाटणाऱ्या परंपरेला एवढा मोठा सुरुंग कुणी लावला नव्हता.

बायकांमध्ये पहिली आली डेझिरी लिंडन. तिनं सुरुवातीलाच ठरवून टाकलं होतं की आज आपल्याच्यानं काही पूर्ण होत नाही. तसं तिनं सोबत पळणाऱ्या शालेन फ्लॅनागनला सांगितलंही. तुला काही मदत लागली तर सांग, मी तशीही सोडणारच आहे. फ्लॅनागनला मध्येच टॉयलेटला जावं लागलं, तर ही तिच्यासाठी मागे रेंगाळली, तिला पुन्हा घोळक्यापर्यंत सोबत केली. आणि मग सोडायचं राहूनच गेलं, ती जिंकली. दोन तास एकोणचाळीस मिनिटं चौपन्न सेकंद. बेचाळीस किलोमीटरला. मला एकवीसला दोन एक्केचाळीस. दुसरी आलेली सारा सेलर्स ही भूल देणारी नर्स. आपण दुसऱ्या आलोय, हे तिला शर्यत संपल्यावर दुसऱ्यांकडून कळलं. आमच्या ग्रुपात चारशे बाराव्या नंबरावर आलेला माणूससुद्धा आपला नंबर तिथल्या तिथे घड्याळात पाहून घेतो.

मनाच्या शांतीसाठी मी खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसलो. तिथे शहाऐंशी वर्षांचे आजोबा रोज पेपर वाचतात. त्यांना म्हटलं, परदेशातल्या लोकांचं वेगळं हो, त्यांना गारठ्याची सवय असते. आजोबांनी पेपरची घडी घातली. ते घडी घालतात तेव्हा समोरच्यानं उठायचं असतं, हे मला माहीत हवं होतं.

‘फडेप्पा चौगुले ऐकलेत का?’

नव्हते ऐकले. बेळगावचे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी पोरं पाहून दोराबजी टाटांच्या मनात हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठवायचं आलं, तेव्हाचे. १९२० साली अँटवर्पला मॅरेथॉनमध्ये उतरले. त्या दिवशी हवा गार आणि पावसाळी. त्यातून तिथला रस्ता बेचाळीस किलोमीटर सातशे पन्नास मीटरचा, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्धा किलोमीटर जास्तीचाच. चौगुले एकोणिसावे आले. दोन तास पन्नास मिनिटं आणि पंचेचाळीस सेकंद.

म्हणजे पाऊस, गारठा, परमुलूख आणि वर अर्ध्या किलोमीटरचा अन्याय. एका माणसाला एकाच दिवशी इतकी उत्तम कारणं मिळावीत आणि नोंदीत नुसता नंबर आणि वेळ उरावी, हे मला उधळपट्टीचं वाटलं. तेवढ्या कारणांत आमच्या ग्रुपची पाच वर्षं निघाली असती.

‘तुमचं किती आलं?’ आजोबांनी विचारलं.

‘पाऊस फार होता’, मी म्हणालो.

यानंतर खरं तर मी बदलायला हवा होतो. बदललोही. ग्रुपवर जाहीर केलं की डिसेंबरात सपाट रस्त्यावरची हाफ पळायची आणि हवेचं नाव काढायचं नाही. सगळ्यांनी मान्य केलं. पाच महिने सरावही झाला, निदान त्याचे फोटो झाले. आणि परवाच्या शनिवारी संध्याकाळी हवामान खात्याचा अंदाज आला: आकाश निरभ्र, पहाटे तापमान अकरा-बारा अंश, वारा नाही.

ग्रुपवर सुतकी शांतता पसरली. मॅरेथॉनसाठी याहून चांगली हवा आपल्याकडे मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि तेच तर भयंकर होतं. रात्री साडेनऊला सीएंना अचानक साखरपुडा आठवला. डॉक्टरांचा जुना गुडघा पुन्हा वर आला. आयटीतल्या एकानं दर दहा मिनिटांनी तीन वेगवेगळी ॲप पाहिली. कुठंच ढग नव्हता.

रविवारची पहाट चित्रात असावी तशी होती. रस्ता कोरडा, हवा गार, पाहुणे वेळेवर. बूट हलके. पाणी हवं तेवढंच. कुठंही धुकं नाही, त्यामुळे मी चालताना शेवटपर्यंत सगळ्यांना स्वच्छ दिसलो. टायमिंग आलं दोन तास त्रेचाळीस मिनिटं. पावसापेक्षा दोन मिनिटं जास्त.

सोमवारी दुपारपर्यंत ग्रुपवर एक अक्षर पडलं नाही. सकाळच्या ‘गुड मॉर्निंग’च्या फुलांनीही तोंड दाखवलं नाही. मग पावणेतीनला कोचचा मेसेज आला:

‘मित्रांनो, काल नेमकं काय चुकलं ते माझ्या लक्षात आलंय. हवा इतकी छान होती की सगळे सुरुवातीलाच जोरात सुटले आणि शेवटी दमले. हवेनं घात केला.’

पुढच्या पाच मिनिटांत त्यावर सदतीस अंगठे पडले. सदतिसावा माझा.

संध्याकाळी जुलैच्या घाटाची नावनोंदणी सुरू झाल्याचा ईमेल आला. फी आता अठराशे रुपये आहे. वाढीव तीनशे बहुधा पावसाचे असावेत. मी लगेच भरून टाकले. पाऊस हमखास लागतो असं ठिकाण सारखं सारखं मिळत नाही.