करवीर छिद्रान्वेषणशास्त्र

अर्थात ट्रॅक्टरचे पंक्चर दारातच कसे काढावे आणि ते काढताना स्वतः शाबूत कसे राहावे, याविषयीचा अल्प प्रबंध

प्रस्ताव

तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, कुस्ती, गूळ आणि चप्पल या पाच विषयांवर अधिकारवाणीने बोलणारा विद्वान कोल्हापूर जिल्ह्याच्या प्रत्येक पारावर सापडतो. ट्रॅक्टरच्या पंक्चरवर मात्र या भूमीत एकही ग्रंथ निर्माण झालेला नाही. कारण उघड आहे. ज्याचे चाक बसले त्याला लिहायला सवड नसते, आणि ज्याला सवड असते तो शेजारी उभा राहून तोंडी सांगत असतो. त्यामुळे हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या मौखिक राहिले आणि त्यात बरेच प्रक्षिप्त घुसले. ते काढून शुद्ध संहिता सिद्ध करणे हा प्रस्तुत लेखकाचा हेतू आहे.

प्रबंधाचा सिद्धांत आरंभीच सांगतो, म्हणजे घाईतल्या वाचकाला पुढे जाता येईल: पंक्चरमध्ये छिद्र हा सर्वांत निरुपद्रवी घटक असतो. माणसाला इजा करतात त्या तीन गोष्टी, वजन, हवा आणि सल्ला.

प्रकरण पहिले: पूर्वसूरी

पंक्चर होण्यासाठी आधी हवेचे चाक असावे लागते. ते रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५ साली पेटंट केले आणि १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट पार्कमध्ये घोडागाडीला लावून दाखवले. जगाने टाळ्या वाजवल्या आणि विसरून गेले. पुढे बेलफास्टच्या जॉन बॉयड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. थॉमसन यांचे पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचे पेटंट रद्द झाले, पण नाव मात्र त्यांचेच राहिले. संशोधनक्षेत्रात असे घडते, याबद्दल विद्यापीठीय वाचकांना अधिक सांगायला नको.

डनलॉप हे पेशाने जनावरांचे डॉक्टर होते, ही बाब इतिहासकारांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. बैलाला शेतातून हलवण्याचे काम ज्या चाकाने केले, ते बैलाच्या वैद्यानेच जगापुढे आणले. त्यानंतर सात वर्षांनी, १८९५ मध्ये, शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि कोल्हापूरच्या गुळाला हक्काची जागा मिळाली. या दोन घटनांचा परस्परसंबंध अद्याप सिद्ध झालेला नाही. परंतु आज त्या पेठेकडे जाणारा गूळ आणि कारखान्याकडे जाणारा ऊस रबरी चाकांवरूनच जातो, हे पाहता संबंध नाही असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

ट्रॅक्टरला आधी लोखंडी चाके होती. ती पंक्चर होत नसत. १९३२ साली अमेरिकेत अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने आपल्या ‘मॉडेल यू’ ट्रॅक्टरला कमी दाबाचे हवेचे टायर दिले; सुरुवातीच्या चाचण्यांत तर चक्क विमानाचे टायर वापरले होते. पुढच्याच वर्षी बार्नी ओल्डफील्ड या शर्यतवीराने असा ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांच्या वेगाने पळवला. गळीत हंगामात रिकामी ट्रॉली घेऊन परतणारे आमचे चालक या विक्रमाकडे फारशा आदराने पाहत नाहीत. राधानगरी, भुदरगड, शाहूवाडीकडे भाताची चिखलणी करताना आजही ट्रॅक्टरला लोखंडी केजची चाके लावतात, त्यामुळे लोखंडी युग पूर्ण संपले असे म्हणता येत नाही. त्या काळापुरती पंक्चरशास्त्रज्ञांना सुट्टी असते.

प्रकरण दुसरे: कारणमीमांसा

छिद्र का पडले, यावर करवीर परंपरेत चार संप्रदाय आहेत.

पहिला कंटकवादी. यांच्या मते सर्व दुःखाचे मूळ बाभळीचा काटा. बांधावरची बाभळ तोडली, फांद्या कुंपणाला लावल्या, त्यातली एक वाटेवर राहिली, इति. दुसरा बुडखावादी. उसाची तोड झाल्यावर कोयत्याने तिरपा छाटलेला बुडखा रानात भाल्यासारखा उभा राहतो आणि टायरच्या बाजूला लागतो, असे ते मानतात. तिसरा लोहवादी: रस्त्यावर पडलेला खिळा, नट, तारेचा तुकडा. शिरोली किंवा उद्यमनगर या औद्योगिक वसाहतींच्या आसपास राहणाऱ्यांत हा पंथ प्रबळ आहे. चौथा भाऊबंदवादी. यांच्या मते खिळा आपोआप पडत नसतो, तो टाकला जातो; आणि कोणी टाकला तेही त्यांना ठाऊक असते. या पंथाचे खंडन युक्तिवादाने होत नाही, त्यासाठी मोजणी आणावी लागते.

प्रस्तुत लेखकाचा कौल असा: टायर गोटा झाला असेल तर चारही संप्रदाय एकाच वेळी खरे ठरतात.

प्रकरण तिसरे: वजन

मागच्या चाकावर १३.६-२८ असे कोरलेले असते. टायरची रुंदी १३.६ इंच, रिमचा व्यास २८ इंच. उभे केले तर ते माणसाच्या छातीपर्यंत येते. त्यात नांगरटीला पकड मिळावी म्हणून पाणी भरलेले असेल तर शंभर-दीडशे लिटरचा भार वेगळा. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात १९१२ पासून मल्ल एकमेकांना आसमान दाखवत आले आहेत आणि हल्ली तालमीत टायर उलटवण्याचा व्यायामही करतात. पण तेही वाकून, पाय रोवून, एका दमात करतात. बाकीच्यांनी चाक उचलण्याच्या फंदात पडू नये.

याबाबतचा श्रेष्ठ विधी असा की मागचे चाक काढूच नये. ट्रॅक्टर सपाट, टणक जागेवर घ्यावा. ट्रॉली सोडून बाजूला करावी. ब्रेक ओढावा, गिअर टाकावा, आणि जी चाके जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून ओट लावावी. जॅक जाड फळीवर ठेवून अ‍ॅक्सलखाली लावावा. नुसत्या मातीवर ठेवला तर ट्रॅक्टर वर येण्याऐवजी जॅक खाली जातो. चाक जमिनीपासून सुटले की अ‍ॅक्सलखाली भक्कम लाकडी ठोकळे रचावेत. विटा रचू नयेत. वीट फुटण्याआधी इशारा देत नाही. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नाही, एवढे एक सूत्र घराच्या भिंतीवर रंगवून घेतले तरी चालेल.

चाक काढणे अटळच असेल तर नट आधी, वजन जमिनीवर असतानाच, थोडे सैल करावेत. निघालेले चाक लोटत न्यावे आणि आडवे ठेवावे. भिंतीला टेकवून ठेवलेले चाक पोरांना खेळ वाटतो.

प्रकरण चौथे: छिद्र

आता मुख्य विषयाकडे, जो सर्वांत सोपा आहे.

प्रथम व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा जाऊ द्यावी. पाणी असेल तर व्हॉल्व्ह खाली येईल असे चाक फिरवून तेही काढावे. मग टायरची बाहेरची कड रिमपासून सुटी करावी आणि दोन टॉमी, म्हणजे कड उचकटायच्या लोखंडी पट्ट्या, घेऊन थोडी थोडी वर काढावी. अडले तर जोर वाढवायचा नसतो. समोरच्या बाजूची कड पायाने रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलायची असते. कडेच्या आत पोलादी तारा असतात, त्या ताणत नाहीत, तुटतात. हे न कळल्यामुळे घणाला जे काम मिळते, ते पुढे गॅरेजवाल्याला मिळते. कड सुटली की ट्यूब ओढून बाहेर.

ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती जनावरांच्या हौदात बुडवावी. येथे न्यायशास्त्राची पाच अवयवांची पद्धत जशीच्या तशी लागू पडते. प्रतिज्ञा: या जागी छिद्र आहे. हेतू: बुडबुडे येतात म्हणून. उदाहरण: जेथे बुडबुडे तेथे छिद्र, जसे गेल्या हंगामात पुढच्या चाकाला होते. उपनय: येथेही तसेच बुडबुडे आहेत. निगमन: म्हणून येथे छिद्र आहे. नैयायिक शतकानुशतके डोंगरावरच्या धुरावरून आगीचे अनुमान करत बसले, त्यांना ट्यूब मिळाली असती तर वाद लवकर मिटले असते. एक अपवाद लक्षात ठेवावा: व्हॉल्व्हमधूनही बुडबुडे येतात, आणि तेव्हा अख्खी ट्यूब उगाच बाहेर काढलेली असते.

छिद्राला खडूने खूण करावी. मग ट्यूब टायरवर व्हॉल्व्हच्या जागी व्हॉल्व्ह धरून ठेवावी, म्हणजे टायरमध्ये काटा कुठे असेल तेही कळते. टायर आतून चिंधीने चाचपावा. चिंधी जेथे अडेल तेथे अपराधी आहे. नुसता हात फिरवणारा दुहेरी पंक्चर करून घेतो. काटा न काढता ठिगळ लावणे हा करवीर परंपरेतील सर्वांत लोकप्रिय दोष असून एकच चाक एका आठवड्यात दोनदा बसण्याचे रहस्य त्यातच आहे. छिद्र रिमच्या बाजूला निघाले तर काटा शोधत बसू नये. रिमचा गंज पाहावा.

मग ट्यूब कोरडी करून खरवडावी, सोल्यूशन लावावे आणि थांबावे. बोट लावल्यावर चिकट लागले पाहिजे, ओले लागता कामा नये. या शास्त्रातली तपश्चर्या एवढीच, आणि इथेच बहुतेक साधक भ्रष्ट होतात. सोल्यूशन पेट घेते, म्हणून या काळात बिडी पेटवणाऱ्या हितचिंतकाला लांब बसवावे. ठिगळ गोल असावे, कारण चौकोनी ठिगळाचे कोपरे आधी उचकटतात. मधून कडेकडे दाबत जावे आणि वरून शंखजिरे भुरभुरावे. टायरला आतून लहानशी चीर असेल तर गेटर, म्हणजे आतून लावायचा जाड तुकडा, लावून काम भागते, पण ते हंगामापुरते. त्याला कायमचा इलाज समजू नये.

प्रकरण पाचवे: हवा

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरात हवा फार नसते. साधारण १२ ते २० पौंड. आकडा लहान म्हणून लोक तिला हसतात. थोडे गणित करू. १३.६-२८ टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ५२ इंच, आतला २८. म्हणजे एका बाजूचे क्षेत्रफळ सुमारे १,५०० चौरस इंच. प्रत्येक चौरस इंचावर २० पौंड, म्हणजे एकूण रेटा ३०,००० पौंड. तेरा टनांहून जास्त. भरताना ३५ पौंडांपर्यंत गेलात तर जवळजवळ चोवीस टन. हा रेटा टायरच्या भिंतीआड गप्प उभा असतो आणि कड तुटली, रिमला तडा असला की ज्या दिशेला वाट मिळेल त्या दिशेला निघतो. त्या दिशेला सहसा हवा बघणारा माणूस वाकलेला असतो.

म्हणून नियम. कडेला साबणाचे पाणी लावावे. ग्रीस-तेल लावू नये, त्याने रबर कुजते. हवा लांब पाइपने, चिमट्याने अडकणाऱ्या तोंडाने भरावी आणि आपण चाकाच्या पुढे किंवा मागे, नक्षीच्या रेषेत उभे राहावे. टायरच्या भिंतीसमोर कधीही नाही. एकदा भरून कड नीट बसली की हवा सोडावी आणि पुन्हा भरावी, म्हणजे ट्यूबला पडलेल्या घड्या जातात. ३५ पौंडांपर्यंत गेल्यावरही कड बसत नसेल तर आणखी हवा देऊ नये. हवा सोडून, पुन्हा साबण लावून सुरुवात करावी. आत पेट्रोल शिंपडून काडी लावली की कड फटकन बसते, असे सांगणारा एक उपपंथ आहे. त्याचे अनुयायी कमी आहेत आणि कमीच राहतील. टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग करणे हेही त्याच पंथाचे व्रत. आतून रबर तापून वायू होतो आणि टायर फुटतो. नुसती हवा सोडून भागत नाही, टायर काढूनच वेल्डिंग करावे. शेवटी कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबावर आणून ठेवावे.

प्रकरण सहावे: सल्ला

जॅक लागल्यापासून पाच मिनिटांत सल्लागार जमतात. यांचे तीन वर्ग. पहिला प्रश्नकर्ता: “काय, पंक्चर झालं व्हय?” याला होय म्हणून सोडावे. दुसरा स्मृतिकार: “आमच्या आबांच्या टायमाला असलं काय न्हवतं बगा.” याला ओट धरायला लावावी, त्याला उद्योग मिळतो. तिसरा आज्ञापक: “तसं न्हाई दाजी, सरका, घण आणा हिकडं!” हा सर्वांत धोक्याचा, कारण त्याच्या हाताला घण लागतो आणि त्याला घाई असते. अशा वेळी त्याला हौदावर पाणी आणायला पाठवावे. तो परत येईपर्यंत कड निघालेली असते. पिन न काढता कड उचकटणे, ठोकळ्याविना अ‍ॅक्सलखाली डोके घालणे आणि वर पेट्रोलची काडी, या तिन्ही गोष्टी एकट्या माणसाला सुचत नाहीत. त्यांना नेहमी मंडळ लागते.

निर्णय

टायरच्या बाजूला चीर पडून आतले धागे दिसत असतील, भिंतीला फुगा आला असेल, कडेची तार तुटली असेल किंवा रिमला तडा असेल, तर हा ग्रंथ मिटावा आणि चाक व्हल्कनायझिंगवाल्याकडे न्यावे. तिथे घरगुती शास्त्राचा अधिकार संपतो. बाकीची पंक्चरे दारात काढावीत. कारखान्याच्या काट्यावर आपली पाळी अर्धा तास मागे गेली तरी ऊस तिथेच राहतो. म्हणून जॅकखाली फळी घाला, अ‍ॅक्सलखाली ठोकळा घाला, आणि हवा भरताना नक्षीच्या रेषेत उभे राहा.