मानकोली नाक्यावर पाचवी तार

पाच तारांची बेस गिटार घ्यायला निघालेल्या उमेदवाराने आधी एका प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे: चार तारा का पुरत नाहीत? घरचे हेच विचारतात आणि त्यांचे काही चुकत नाही. फेंडरने १९५१ मध्ये काढलेल्या प्रिसिजन बेसला चारच तारा होत्या आणि जगाचे त्यावर उत्तम चालले होते. पाचवी, सर्वांत जाड तार खर्जातला 'बी' देते, म्हणजे सेकंदाला ३०.८७ कंपने. हा आकडा पाठ करावा.

कारण मानकोलीत हा स्वर फुकट मिळतो. नाशिक महामार्गावरून गोदामांकडे वळणारा कंटेनर नाक्यावर अडकला की त्याचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटाला साधारण सहाशे फेरे घेत उभे राहते. फेऱ्याला तीन स्फोट, म्हणजे सेकंदाला तीस. आपल्या पाचव्या तारेपेक्षा जेमतेम पाव स्वर उतरलेला. ड्रायव्हरने वैतागून अ‍ॅक्सिलरेटरवर किंचित पाय ठेवला की तोही सुरात येतो. तेव्हा ज्याला हा खर्ज फक्त ऐकायचा आहे, त्याने पैसे वाचवून नाक्यावर चहा घ्यावा.

ज्याला वाजवायचाच आहे त्याच्यासाठी माझ्यासमोर होते तेच दोन उमेदवार ठेवतो: यामाहाचा टीआरबीएक्स ३०५ आणि आयबानेझचा एसआर ३०५. दोन्ही जपानी कंपन्यांचे. दोन्हींची तारेची लांबी ३४ इंच, पडदे २४. दुकानात पाय ठेवण्यापूर्वी कागदावरची ही तुलना आठवडाभर करावी. त्यातून निष्पन्न काही होत नाही, पण आठवडा छान जातो.

मग घरात विषय काढावा. आमच्या काकांनी फक्त 'यामाहा' हा शब्द ऐकला. "आरएक्स हंड्रेडवाला ना? त्याचीच घे. यामाहाची गारी जुनी झाली तरी इकते." इथे हसू नये. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे बनलेली ती गाडी काही लोकांच्या दारात अजून नवऱ्या मुलासारखी धुतली-पुसली जाते. आणि काका चुकीचे नाहीत. तोराकुसू यामाहा यांनी १८८७ मध्ये हामामात्सुच्या एका शाळेतला ऑर्गन दुरुस्त केला, तिथून ही वाद्यांची पेढी निघाली. मोटारसायकलची कंपनी तिच्यातूनच १९५५ मध्ये वेगळी झाली. गाडीच्या टाकीवरचे ते तीन काटे म्हणजे स्वर जुळवायचे ट्यूनिंग फोर्क आहेत. हे सांगितल्यावर काकांनी पुतण्याऐवजी टाकीकडे आदराने पाहिले.

खरा फरक पाहायचा असेल तर धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानात जाऊन दोन्ही हातात घ्यावेत आणि ब्रिजपाशी बोट घालून पाहावे. यामाहाच्या दोन तारांत १८ मिलिमीटर अंतर, आयबानेझच्या १६.५. दीड मिलिमीटर म्हणजे काही नाही असे वाटते. पण अंगठ्याने चापट मारून वाजवणाऱ्याला, किंवा माझ्यासारख्या जाड बोटांच्या माणसाला, तेवढ्यात घर थाटता येते. बारीक, चपळ बोटांनी आयबानेझ घ्यावा. तो अंगानेही सडसडीत आहे, आणि हळदीच्या स्टेजवर चार तास पट्टा खांद्यात रुतल्यावर सडपातळपणाचे महत्त्व पटते. बाकी लाकूड, रंग, डोक्याचा आकार यांवरच्या चर्चा विवाह मंडळातल्या फोटोंसारख्या असतात. सगळे त्यावरच ठरवतात आणि कोणी कबूल करत नाही.

बॅटरीचे मात्र गंभीरपणे घ्यावे. दोन्ही बेस अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे पोटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी. ती गेली की दोन्ही मुके. आणि ती जाते ती वाजवून नव्हे, तर केबल रात्रभर खुपसलेली राहिल्याने. केबल लावली की आतले सर्किट चालू. शिवाय हीच बॅटरी बुवांच्या कॉर्डलेस माईकलाही चालते, हे गावात एकदा कळले की सप्ताहाच्या आठवड्यात बेस उघडून पाहावा.

वाद्य घरी आले तरी ते वाजवायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. बेंजो पार्टीत खर्ज हा कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताचा पिढीजात हक्क. तुम्ही पाच तारा घेऊन गेलात की त्या हाताला रिकामटेकडे केल्यासारखे होते. त्याला आधी जेवू घालावे.

मी शेवटी १८ मिलिमीटर घेतले. श्रेय आरएक्स हंड्रेडला गेले. पुढे चुलतबहिणीच्या हळदीत डीजे जेवायला उठला तेवढ्यात अंगणात अ‍ॅम्प लावला आणि पाचवी तार मोकळी छेडली. मांडवाच्या कनाती हलल्या. काका खुर्चीतून अर्धवट उठून रस्त्याकडे बघू लागले.

"बघ रं पोऱ्या, कनची गारी आली?"