दिवस सातवा : खिंड पार

हिमालयातली वाट नसलेली खिंड ओलांडायची असेल तर तिचे नियोजन खुद्द ट्रेकपेक्षा कितीतरी लांब चालते, आणि त्यातला बहुतेक वेळ वाट असलेल्या भागावर खर्च होतो. हिमाचल प्रदेशातील पिन-पार्वती खिंड हे याचे उत्तम उदाहरण. कुलूकडचे पार्वती खोरे आणि स्पितीतले पिन खोरे यांना जोडणारी ही खिंड ५,३१९ मीटर उंचीवर आहे. तीन कळसूबाई एकमेकींच्या खांद्यावर उभ्या केल्या तरी सर्वांत वरचीला खिंडीला हात लावायला ३८१ मीटर कमी पडतात. १८८४ च्या ऑगस्टमध्ये लुई डेन हा ब्रिटिश अधिकारी स्पितीला जायला दुसरा मार्ग सापडतो का ते पाहत इथून पलीकडे गेला. पुढे तो पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. खिंडीचा त्या बढतीशी संबंध जोडता येत नाही, तरी रजेच्या अर्जात हा दाखला देऊन पाहायला हरकत नसते.

बर्शैनीच्या मोटाररस्त्यापासून पलीकडच्या मुद गावापर्यंत अंतर सुमारे शंभर किलोमीटर. खीरगंगेपर्यंतची वाट गरम पाण्याच्या कुंडात डुंबायला येणाऱ्यांनी मळून ठेवलेली आहे. पुढे तुंडाभुज, ठाकूर कुआँ, ओडी थाच या मुक्कामांतून मेंढपाळांची पायवाट मनतलाई तलावापर्यंत सोबत करते. मध्ये पांडुपूल लागतो. नदीवर आडवे पडलेले हे अजस्र खडक भीमाने टाकले अशी समजूत आहे. या मार्गावर ‘यंदा वाहून तर गेला नाही ना’ अशी फोनवर चौकशी करावी लागत नाही, असा हा विरळा पूल. मनतलाई सुमारे ४,१०० मीटरवर आहे आणि तिथे वाट संपते. नंतर हिमनदीने आणून टाकलेल्या दगडांचे ढीग, मग बर्फ, मग खिंड, मग पलीकडचा बर्फ, आणि खूप खाली पिनच्या बाजूला पुन्हा एखादी पाऊलवाट. नकाशात मधल्या भागावरही तुटक रेषा काढलेली असते, पण ती काढणारा खुर्चीत बसलेला होता हे लक्षात ठेवावे.

नियोजनाचे मुख्य साधन एक्सेल शीट. पुण्यामुंबईच्या गटात ती करणारा एक सभासद असतोच, आणि त्याला गटातून काढता येत नाही, कारण शीटचा पासवर्ड त्याच्याकडे असतो. पहिल्या दिवसाच्या ओळीत गाडीचा नंबर, डबा, चंदीगडला उतरल्यावरचा नाश्ता आणि नाश्त्याला पर्यायी नाश्ता नोंदलेला असतो. खीरगंगेच्या दिवशी कुंडात पाय बुडवण्यासाठी पाऊण तास राखलेला असतो. सातव्या दिवसासमोर मात्र दोनच शब्द सापडतात : ‘खिंड पार’. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तो दिवस शीटमध्ये सर्वांत रिकामा. नियोजनाचे खरे काम हे दोन शब्द फोडण्याचे आहे.

प्रथम तारीख. जून-जुलैत बर्फ भरपूर असतो. हिमनदीतल्या भेगांवर त्याची झाकणे बसलेली असतात. ती पहाटे कडक असतात आणि दुपारी मऊ पडून दगा देतात. सप्टेंबरात वरचा बर्फ उतरून भेगा उघड्या दिसू लागतात, नाल्यांचे पाणी कमी होते, पण उघडा पडलेला जुना बर्फ काचेसारखा टणक असतो आणि दिवस लहान होतो. मधल्या काळात कुलूच्या बाजूला पावसाळा, तर स्पिती पर्जन्यछायेत कोरडी. म्हणजे एकाच ट्रेकसाठी पोंचो आणि सनस्क्रीन दोन्ही लागतात. हा शास्त्रीय विचार झाला. प्रत्यक्षात तारीख ठरवतो रेल्वेच्या आरक्षणाचा साठ दिवसांचा नियम, त्याहून ठामपणे गणपती. कोकणातल्या सभासदाला हिमनदीतली भेग ओलांडता येते, गौरी-गणपती ओलांडता येत नाहीत. या दोहोंतून जी तारीख उरते ती खिंडीला कळवली जाते. सर्वांत आधी पक्के होते ते परतीचे तिकीट. तिकीट कन्फर्म आणि खिंड वेटिंगवर, अशा अवस्थेत गट पुढच्या बैठकीला बसतो.

ही बैठक नकाशाची. एकास अडीच लाख प्रमाणाचे, अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेले नकाशे इंटरनेटवर फुकट मिळतात, म्हणून ते लोकप्रिय आहेत. त्यांच्यात एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. एका बोटाखाली दिवसभराची चाल झाकली जाते, आणि बोट ठेवणाऱ्याला ती सोपी वाटते. पन्नास हजारी नकाशा बराच बरा, पण त्याच्याही मर्यादा आहेत. समोच्च रेषा दर ४० मीटरला असतील तर ३५ मीटरचा सरळसोट कडा दोन रेषांच्या मध्ये सुखाने राहू शकतो आणि कुणालाही दिसत नाही. रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर चढ उभा, हे सगळ्यांना ठाऊक असते; रेषा विरळ असूनही जागा भयंकर असू शकते, हे ठाऊक नसते. शिवाय बर्फ नकाशाचा मान ठेवत नाही. पार्वती हिमनदी १९९० ते २००१ या काळात वर्षाला सुमारे ५२ मीटर मागे सरकल्याची नोंद आहे. जुन्या नकाशावर जिथे शुभ्र, गुळगुळीत हिमनदी छापली आहे तिथे आता हलत्या धोंड्यांचा पसारा असण्याची शक्यता धरूनच वेळ मांडावा.

यावर उतारा म्हणून गुगल अर्थ उघडले जाते. माउसने डोंगर तिरका करून एक सभासद खिंडीवरून चारदा उडतो आणि ‘काही नाही, सोपं आहे’ असा अहवाल देतो. पडद्यावर साबुदाण्याएवढे दिसणारे दगड जागेवर रिक्षाएवढे असतात. उपग्रहचित्राचा खरा उपयोग वेगळा आहे. वेगवेगळ्या वर्षांची, शक्यतो त्याच महिन्यातली चित्रे शेजारी ठेवून भेगांचा पट्टा कुठे येतो, बर्फाचा कोणता उतार दरवर्षी शाबूत राहतो आणि आडवळणाच्या कोणत्या खाचेला लोक चुकून खिंड समजतील, हे पाहायचे. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. धारेवर अशा खाचा अनेक असतात आणि थकलेल्या माणसाला सर्वांत जवळची खाच हीच खिंड वाटते.

वेळेचा हिशेब करण्यासाठी नेस्मिथचा नियम वापरतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये तो मांडला. आजच्या मापात तो साधारण असा : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. नियम चांगला आहे, फक्त तो स्कॉटलंडचा आहे. खिंडीखालचा तळ सुमारे ४,९०० मीटरवर लागला तर वर उरतात चारशेवीस मीटर. सूत्रात आकडे घातले की उत्तर येते, फार तर दोन तास. ‘खिंड पार’ या दोन शब्दांमागचे गणित बहुधा एवढेच असते. पण तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा, पाठीवर पंधरा किलो, दोराला बांधलेली चार माणसे, आणि त्यातल्या एकाला दर वीस पावलांनी फोटो काढायचा आहे. दोर सर्वांत हळू माणसाच्या वेगाने चालतो, ही बाब नेस्मिथने हिशेबात धरलेली नाही. पहाटे तीनला निघून ऊन वर येण्याआधी भेगांचा भाग मागे टाकणे, एवढे उद्दिष्ट पुरेसे समजावे.

उंचीशी जुळवून घेण्याचा नियम आणखी कडक आहे. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. मनतलाईहून थेट वरच्या तळावर गेले तर एका रात्रीत आठशे मीटरची उडी होते. म्हणून मनतलाईला दोन रात्री काढाव्यात, किंवा मध्ये एक जादा मुक्काम टाकावा. दिवस कमी करायची वेळ आली की पहिली कात्री याच दिवसावर चालते, कारण शीटमध्ये त्याच्यासमोर ‘आराम’ असे लिहिलेले असते, आणि आरामासाठी रजा मागण्याची लाज वाटते. तिथे ‘फुप्फुसात पाणी न होऊ देणे’ असे लिहिले तर कुणी हात लावणार नाही. याच टप्प्यावर एखादे सह्याद्री-वीर उठून ‘आपण नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढलोय’ असे सांगतात. चढले असतील. हरिश्चंद्रगडाची उंची १,४२४ मीटर असून तिथे दमलेल्या माणसाला झुणका-भाकर मिळते.

पाण्याबद्दल थोडक्यात : बर्फाळ नाले दुपारी फुगतात, पहाटे उतरतात. म्हणून मोठा नाला दिवसाच्या सुरुवातीला यावा अशा बेताने मुक्काम टाकावेत. संध्याकाळी दमून नाल्यापाशी पोहोचल्यास अलीकडेच तंबू ठोकावा. पलीकडची जागा जास्त सपाट दिसते, ती सगळ्यांनाच दिसते.

शिधा हा विषय मात्र थोडक्यात आटोपत नाही. कोरडे अन्न माणशी रोज सहाशे-सातशे ग्रॅम धरले तर दहा दिवसांचे सहा-सात किलो होतात. बैठकीत यावर एकमत होते. नंतर घरोघरून मेथीचे लाडू, चकल्या, मेतकूट, लोणच्याच्या बरण्या आणि एका मावशींची तिळाची चटणी दाखल होते. घरचे असल्यामुळे यांचे वजन धरत नाहीत. मनतलाईच्या उंचीवर पाणी सुमारे ८६ अंशांनाच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही आणि इंधन संपून जाते. प्रेशर कुकर जड असला तरी न्यावाच लागतो. गॅसची डबडी विमानात आणि रेल्वेत चालत नाहीत, ती मनालीत घ्यावी लागतात. म्हणजे इंधनाचा दशांश चिन्हापर्यंत केलेला हिशेब शेवटी दुकानात त्या दिवशी किती डबडी शिल्लक आहेत यावर येऊन थांबतो.

आता शीटमध्ये कधीच नसलेली ओळ. खिंडीखालच्या तळावरून पुढे मुदला पोहोचायला दोन-तीन दिवस लागतात, आणि मागे बर्शैनीला यायला चार-पाच. याचा अर्थ, खिंड जमली तर अन्न कमी लागते आणि न जमली तर जास्त. बहुतेक गट उलट समजूत करून घेतात, कारण परत फिरणाऱ्याला भूक कमी लागत असावी अशी त्यांची कल्पना असते. परतीचा शिधा सर्वांत वरच्या तळापर्यंत वाहून न्यायचा आणि सगळे नीट पार पडले तर न खाता पलीकडे उतरवायचा, ही गोष्ट शीटवाल्याला पटवणे खिंड चढण्याइतकेच कष्टाचे आहे. लाडवांचा प्रश्न मात्र इथे आपोआप सुटतो. त्यांना ‘राखीव’ म्हणावे.

परत फिरण्याची वेळही खालीच ठरवून कागदावर लिहावी. सकाळी अकरा ही बरी वेळ आहे. तोवर खिंडीवर पाऊल पडले नसेल तर बर्फ मऊ झालेला असतो, ढग जमू लागतात आणि उतरायला उजेड कमी उरतो. ही वेळ वर जाऊन ठरवू नये. निम्म्या हवेवर चालणारा मेंदू ‘आता आलोच आहोत’ या बाजूने मत देतो, आणि तिथे सगळ्यांचे मेंदू निम्म्या हवेवर असल्यामुळे ठराव एकमताने मंजूर होतो. दोन माणसांना नकाराधिकार द्यावा : वाटाड्याला, आणि गटातल्या सर्वांत घाबरट सभासदाला. दुसऱ्याची निवड सोपी जात नाही, कारण सगळे पहिल्यापासून शूर असतात.

वाटाड्या स्थानिक असावा, आणि शीट त्याला आधी पाठवावी. तो ती शांतपणे शेवटपर्यंत पाहतो, रंगीत रकान्यांचे कौतुक करतो आणि दोन प्रश्न विचारतो : पीठ किती आणि पोर्टर किती. नंतर खिंडीचा दिवस कोणता ते तो हवा पाहून ठरवतो. पोर्टरांच्या मजुरीत मुदहून काझा आणि कुंझुममार्गे घरी परतण्याचे दिवस धरलेले असावेत. ते न धरल्यास ट्रेकमधला पहिला खरा वाद मुदच्या चहाच्या टपरीवर होतो आणि त्यात पोर्टरांचेच म्हणणे बरोबर असते. कुलूकडे खीरगंगा राष्ट्रीय उद्यान आणि स्पितीकडे १९८७ सालचे पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान असल्याने वनखात्याचे परवाने आधी काढून ठेवावेत. पिन खोरे हिमबिबट्यासाठी प्रसिद्ध आहे, एवढ्या माहितीवर एक सभासद दीड किलोची दुर्बीण घेतो. तिचे वजन कोणी वाहायचे हे परवान्यात लिहिलेले नसते.

राहिला संपर्क. वरच्या टापूत मोबाइल चालत नाही, आणि परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे भारतात बेकायदा आहे. परदेशातून येणाऱ्या भाच्याने तो कौतुकाने आणला तरी न्यायचा नाही. त्यामुळे घरी एक कागद ठेवावा : मार्ग, मुक्काम, गटातल्यांची नावे, वाटाड्याच्या घरचा नंबर, आणि फोन न आल्यास कोणत्या तारखेनंतर कोणाला कळवायचे ते. ही तारीख मुदला पोहोचण्याच्या दिवसात जादा मुक्कामाचे, खराब हवेचे आणि उलट फिरून बर्शैनीला उतरण्याचे दिवस मिळवून काढावी. आईला द्यायच्या कागदावर तीत आणखी दोन दिवस घालावेत, कारण ती कळवायला दोन दिवस आधीच सुरुवात करते.