हळदीचं गाणं कसं लिहावं : पडघा परिसरातील होतकरूंसाठी

गीतकार व्हायला प्रतिभा लागते ही अफवा प्रतिभावंतांनीच पसरवलेली आहे. पडघ्यात गीतकार व्हायला लागतो तो भरघोस गोतावळा, तोंडावर आलेली लग्नसराई आणि रेकॉर्डिंगवाल्या मित्राकडे जुनी उधारी नसणं. बाकी सगळं शिकता येतं.

आधी विषय. चांदणं, पाऊस, विरह यांच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. चांदणं गोदामांच्या फ्लडलाइटनी केव्हाच गिळलं आहे. विरह म्हणावा, तर मुंबईहून निघालेला प्रियकर महामार्गावर अडकतो तेव्हा प्रेयसी झुरत नाही, ती लोकेशन पाठव म्हणते. आपल्याकडे मागणी आहे ती हळद, नवरदेवाची एन्ट्री, शर्यतीचा बैल आणि भाऊंचा वाढदिवस यांना. बैलावर लिहिणं सर्वांत सोपं, कारण बैल चुका काढत नाही. भाऊही काढत नाहीत, पण त्यांचे कार्यकर्ते काढतात. पी. सावळारामांनी नवरीच्या पाठवणीची गाणी लिहून घराघरांतल्या आयांना रडवलं आणि ते ठाण्याचे नगराध्यक्षही झाले. हल्ली इच्छुक आधी निवडणुकीला उभे राहतात आणि गाणं आपल्याला लिहायला सांगतात. असो. हळदीपासून सुरुवात करावी, कारण नावं बदलली की उरलेली तिन्ही गाणी तिच्यातूनच निघतात.

भाषेचं दडपण घेऊ नये. शिक्षण कमी पडलं ही सबब तर मुळीच सांगू नये. वामनदादा कर्डक अक्षरं शिकले तेच मोठेपणी, आणि त्यांची गाणी आज गावोगाव पाठ आहेत. जन्म कोळीवाड्यात झाला नाही, हेही रडगाणं नको. ‘मी डोलकर’ लिहिणाऱ्या शांताबाई शेळके इंदापूरच्या, आणि इंदापूरला समुद्र नाही. पडघ्यालाही नाही, पण आपल्या गाण्यात होडी हटकून येते. भिवंडी तालुक्यातल्या गीतकाराला होडीचा परवाना लागत नाही.

यमकाच्या बाबतीत तर आगरी माणूस जन्मजात श्रीमंत. पुण्याचा कवी ‘साडी’ला ‘गाडी’ जुळवून दमतो. आपल्याकडे ती ‘सारी’ आणि ‘गारी’ होते, आणि मग ‘सारी’, ‘भारी’, ‘तयारी’, ‘आयफोनवाली पोरी’ अशी रांग लागते. ‘ळ’चा ‘ल’ झाला की गोदामाचा गाळा आणि नवरीचा गाल एकाच ओळीत बसतात. दोन्हींचा भाव सारखाच वाढता, त्यामुळे अर्थही बिघडत नाही. तरीही ओळ तोकडी पडलीच, तर ‘गो’ घालावा. ‘गो’ हे मात्रा भरण्याचं सिमेंट आहे. फक्त एका ओळीत तीन ‘गो’ झाले की ओळ नुसतीच हाका मारते आणि कोणी येत नाही.

चाल बहुधा सहा मात्रांत असते. ती बोटांवर मोजत बसू नये. आजीला सुपात तांदूळ पाखडताना बघावं. मुखडा एवढाच ठेवावा, की हातात ताट आणि तोंडात घास असतानाही म्हणता येईल. ओळीचा शेवट ‘आ’, ‘ई’ किंवा ‘ओ’वर करावा, म्हणजे तोंड उघडं राहतं आणि आवाज मांडवाबाहेर जातो. ओळ जोडाक्षरावर संपली की बायका थांबतात, आणि एकदा थांबल्या की त्या पुढचं गाणं लावायला सांगतात.

आता खरी परीक्षा, म्हणजे नावं. हळदीच्या गाण्यात नवरदेवाचं नाव येतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. कसब आहे ते बाकीच्या नावांत. करवली, मामा, चुलता, पैसे देणारा काका आणि पैसे न देता नाचणारा काका, सगळे बसले पाहिजेत, आणि मानाच्या क्रमानेच. दोन कडवी छान जमली म्हणून खूश व्हावं, तर मागून आवाज येतो, “आन् नवऱ्याच्या आत्येचा नाव कवा येनार?” या प्रश्नाला छंदशास्त्रात उत्तर नाही.

उत्तर आहे लग्नात धवळे गाणाऱ्या धवलारणीकडे. होतकरूने संगीत विद्यालयात जाण्याआधी एखाद्या मांडवात तिच्या मागे जाऊन बसावं. पुढे हळदीची वाटी, पाट, नारळ. हातात ना वाद्य ना कागद. ती एक ओळ टाकते, बायका ती उचलतात, आणि त्या उचलतात तेवढ्या वेळात तिने पुढची ओळ जुळवलेली असते. देवांना आवतण देताना गणपती झाला, एकवीरा आई झाली, गावदेवी झाली, की त्याच लयीत घरची माणसं सुरू. दारात आत्या उशिरा आली, तर ती चप्पल काढेपर्यंत तिचं नाव ओळीत जाऊन बसतं, आणि एक मात्रा इकडची तिकडे होत नाही. हे घराणं साधं नव्हे. मराठीतली आद्य कवयित्री मानतात ती महदंबा. तेराव्या शतकात रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या हौसेपायी तिने धवळे रचले, तेही ऐनवेळी. म्हणजे मराठी बाईची पहिली ज्ञात कविता हे लग्नाचं गाणं आहे. ‘मी ऑर्डरप्रमाणे लिहीत नाही’ असं म्हणणाऱ्या कवींना हे हळू आवाजात सांगावं. त्यांची तब्येत नाजूक असते.

गाणं तयार झालं की त्याची चाचणी घ्यावी. ती घेते वीज. चंद्रपूरहून ७५२ किलोमीटर तारेतून ५०० किलोव्होल्ट दाबाची वीज पडघ्याच्या उपकेंद्रात येते. १,५०० मेगावॉट वाहून आणण्याची त्या तारांची ताकद आहे. म्हणून हळदीला जनरेटर सांगायचा नाही, असा मात्र कोणी अर्थ काढू नये. वीज जाते, डीजे मुका होतो, आणि तेवढ्या अंधारात बायकांनी तुमचा मुखडा तसाच पुढे ओढला, तर तुम्ही गीतकार. शांतता पसरली आणि कोणी “मटणाचं झालं का?” विचारलं, तर गाणं पुन्हा लिहायला घ्यावं. वीज गेली नाही तरी रात्री दहानंतर नियमाने लाउडस्पीकर बंद होतोच, तेव्हा चाचणी कोणालाच चुकलेली नाही. दहानंतर मांडवात फक्त धवलारीण चालू असते. तिला कोणी अजून नोटीस बजावलेली नाही.

राहता राहिलं मानधन. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकाराला रॉयल्टीचा हक्क मिळाला, आणि ती गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था तर १९६९ पासून आहे. हे वाचून हुरळलात ना? आता त्याच कायद्याचं कलम ५२ वाचा. धार्मिक समारंभात गाणं वाजवलं तर हक्कभंग होत नाही, आणि लग्नाची वरात व लग्नानिमित्तचे इतर सोहळे त्यातच धरलेले आहेत. म्हणजे आपलं गाणं जिथे सर्वांत जास्त वाजणार, नेमकं तिथेच ते फुकट वाजवायला संसदेची मुभा आहे. त्यामुळे दर आधी ठरवावा, प्रत्येक जादा आत्येचे वेगळे पैसे लावावेत, आणि पाकीट हळदीच्या आदल्या दिवशीच खिशात घालावं. लग्न लागल्यावर नवरदेवाचा बाप मंडपवाल्यालाही सापडत नाही, तुम्ही तर नुसते गीतकार.